जवारी आणि घराण्यांचा इतिहास

कोकणातल्या पावसाळ्यात तानपुरा सुरात ठेवणे कठीण. दमट हवेने लाकूड फुगते, खुंट्या आवळून बसतात, आणि वैशाखात गुंजणारे वाद्य आषाढात नुसते टणटणते. अशा वेळी रत्नागिरीत बसून घाटापलीकडच्या मिरजेची आठवण होते.

गिटारची तार घोडीच्या अरुंद कडेवर टेकते व तिचे कंपन तेथेच संपते. तानपुऱ्याची घोडी रुंद, माथ्याला किंचित उतरती; तार त्या उतारावर पुनःपुन्हा हलकेच टेकते. तारेखाली सरकवलेला दोरा नेमक्या जागी आला की उपस्वर उमलतात, आणि खर्जाच्या तारेतून कोणीही न छेडलेला गांधार ऐकू येतो. तार ज्या बिंदूवर छेडली असता काही उपस्वर उमटूच नयेत, तेथे छेडूनही या घोडीमुळे ते उमटतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली मांडले. हा उतार म्हणजेच जवारी. तो कानशीने घासून, कानाने तपासून साधावा लागतो.

मिरजेची परंपरा सांगते की, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये घडवायला घेतली. तलवारींचे दिवस सरले होते आणि पटवर्धनांच्या संस्थानात गाण्याला आश्रय होता. पोलादाला सरावलेला हात हस्तिदंत, हाड, शिंग यांवर वळला. आजही त्या वंशातील घरांचे आडनाव सतारमेकर आहे.

भीमाकाठच्या मंगळवेढा-पंढरपूर भागातला वाळवलेला भोपळा हे मिरजेच्या तानपुऱ्याचे पोट. तंजावरचा तंबुरा मात्र आपल्या ओळखीच्या फणसाच्या लाकडातून कोरलेला असतो. माझ्या कानाला तंजावरचा नाद बांधीव, थोडा कोरडा वाटतो. मिरजेचा मोकळा, घुमारदार. काळी एकचा मर्दानी आणि काळी चारचा जनानी, हा भेद तर एकाच कारागिराच्या दुकानात भेटतो.

अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मिरजेत स्थिरावले. त्यांची कबरही तेथेच, मीरासाहेब दर्ग्यात आहे. वाद्यांची दुरुस्ती स्वतः करणारा गवई अशी त्यांची ख्याती होती. किराणा गायकीतील स्वराच्या ठहरावावर आपल्या समीक्षेने पानेच्या पाने खर्ची घातली, पण तो स्वर ज्या नादावर ठेवला गेला तो घडवणाऱ्याला त्यांत सहसा तळटीपही मिळत नाही. गायकाच्या गुरूचा गुरू आपल्याला ठाऊक असतो, त्याच्या तानपुऱ्याची जवारी कोणी काढली हे नसते. हे अनवधान आहे असे मला वाटत नाही. लिहिणाऱ्याने दिवाणखाना पाहिला, दुकान पाहिले नाही.

मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. गावाचे नाव त्यामुळे सुरक्षित झाले, कानस धरणाऱ्या हाताचे नाही; विजेवरच्या तानपुऱ्याला तर जवारी काढावीच लागत नाही. गायक तार छेडून म्हणतो, 'अजून थोडी उघडा', किंवा 'गोल हवी'. कारागीर घोडी काढतो, दोनदा घासतो, पुन्हा बसवतो. नादाविषयीचा हा सर्वांत नेमका मराठी संवाद, आणि त्याची नोंद कोणत्याही ग्रंथालयात शोधायला जावे तर कपाट कोणते, हेही सांगता येणार नाही.