तूर कशी शिजली?

गेल्या वर्षी आई तीन महिने सिंगापूरला आमच्याकडे राहून गेली. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने कुकर लावला आणि झाकण उघडून म्हणाली, "अरे, डाळीचं पार पिठलं झालं की! इथली तूर वेगळी असते का?" तूर तीच होती, तिनेच पुण्याहून पिशवीत बांधून आणलेली. वेगळं होतं ते पाणी.

पुण्याला आमच्या सोसायटीत महापालिकेचं पाणी पुरत नाही, उरलेली गरज बोअर भागवतं. बोअरचं पाणी जड. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर, बादलीला थर, साबण फेसाळता फेसाळत नाही. शाळेच्या पुस्तकात याला 'दुष्फेन' असं भारदस्त नाव होतं (आम्ही एका मास्तरांनाही ते लावलं होतं, ते असो). खडकांतून झिरपताना पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम उचलतं. त्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं, म्हणून शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी दाणा शिल्लक. भारतीय मानकानुसार लिटरमागे 200 मिलिग्रॅम काठिण्य ठीक, दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायचं. तब्येतीला त्याने फारसं बिघडत नाही, बिघडतो तो गिझर.

क्लेमेंटीतल्या आमच्या घरातली किटली सहा वर्षं जुनी आहे आणि आतून अजून चकचकीत. एकदा उत्सुकतेपोटी कामावरून तपासणीचं सामान आणून नळाचं पाणी तपासलं, तर पहिल्या काही थेंबांतच लाल रंगाचा निळा झाला. म्हणजे हलकं. कारण सोपं आहे. हे पाणी जमिनीखालचं नाही, पावसाचं. वर्षाला सरासरी 2400 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि बेटाच्या मध्यभागी ग्रॅनाइट, जो पाण्याला सहजासहजी काही देत नाही.

आता वाटेल, एवढा पाऊस पडतो तर यांना कसली चिंता? पण साठवायला जागा कुठे आहे!

इथल्या चायनाटाऊनचं मलय नाव 'क्रेता आयेर', म्हणजे पाण्याची गाडी. चिनी नावाचा अर्थ तर थेट 'बैलगाडीचं पाणी'. एकेकाळी इथे पाणी बैलगाडीतून यायचं. 1857 साली तान किम सेंग या व्यापाऱ्याने शहराला नळाचं पाणी मिळावं म्हणून 13,000 डॉलर दिले. सरकारने इतका घोळ घातला की धरण पुरं व्हायला 1868 उजाडलं (आज त्याला मॅकरिची म्हणतात). आपल्या मुंबईचं विहार तोवर आठ वर्षं भरत होतं. पुढे पालिकेने ओशाळून तान किम सेंग यांच्या नावाने कारंजं उभारलं, ते अजून आहे. पाण्याऐवजी कारंजं, हा प्रकार आपल्याकडच्या लोकांना नवा वाटू नये.

शहर वाढलं, बेट पुरेना. 1927 मध्ये सिंगापूरच्या पालिकेने समोरच्या जोहोरच्या सुलतानाशी करार केला आणि खाडीपलीकडच्या डोंगरातलं पाणी कॉजवेवरच्या नळातून येऊ लागलं. 31 जानेवारी 1942 ला जपान्यांना अडवायला इंग्रजांनी स्वतःच तो कॉजवे उडवला, नळासकट. त्यानंतर पंधरवड्यातच बेटावरचे तलावही जपान्यांच्या हाती गेले. बॉम्बने फुटलेल्या नळांतून होतं ते पाणी वाहून जात होतं. 15 फेब्रुवारीला पर्सिव्हलने शरणागती पत्करली, त्याच्या कारणांत पाणी हे एक मोठं कारण होतं. हजारो हिंदी सैनिक त्या दिवशी कैदी झाले. आझाद हिंद सेनेची कथा तिथून सुरू होते, पण तिच्याआधी कोरड्या नळांची ही कथा कोणी सांगत नाही.

1961 आणि 1962 मध्ये नवे करार झाले. दुसऱ्यानुसार सिंगापूरला 2061 पर्यंत जोहोर नदीतून दिवसाला 25 कोटी गॅलन पाणी घेता येतं, हजार गॅलनला 3 सेन या भावाने. तरी 1963 मध्ये पाऊस दडी मारून बसला आणि एप्रिलपासून जवळजवळ दहा महिने पाणीकपात चालली. 1965 मध्ये सिंगापूर मलेशियातून बाहेर पडलं, तेव्हा हे करार वेगळं होण्याच्या कागदपत्रांतच पक्के केले गेले. पण धाक गेला नाही. भाव बदलावा की नाही यावर दोन्ही देश अजून भांडतात. ज्याच्या हातात तोटी, त्याच्याशी बोलताना आवाज जरा खालीच राहतो.

त्या धाकातून जे निघालं ते सांगायला मी आईपाशी टाळाटाळ करत होतो. सांडपाणी अतिसूक्ष्म गाळण्या, मग रिव्हर्स ऑस्मोसिसचे पडदे, मग अतिनील किरण, असं शुद्ध करून 2003 पासून इथे 'न्यूवॉटर' नावाने वापरलं जातं. बहुतेक कारखान्यांना जातं, चिप बनवणाऱ्यांना असंच निखळ पाणी लागतं. थोडं तलावांत सोडतात, कोरड्या दिवसांत जास्त. तिथून पुन्हा शुद्ध होऊन आमच्या नळाला. आई अजून सोवळ्यात देवपूजा करते. तिला हे कळलं तर ती इथे पाणी पिणंच सोडेल, अशी मला भीती होती. पडद्यांवर डॉक्टरेट करून आईला मात्र "तलावाचं पाणी आहे" एवढंच सांगायचो, आणि ते मला टोचत होतं.

निघायच्या आदल्या आठवड्यात तिनेच विचारलं, "एवढंसं हे बेट, पाणी कुठून आणता रे?" मग सगळं सांगितलं. कॉजवे, तीन सेन आणि शेवटी न्यूवॉटरही. ती भाजी निवडत होती. बराच वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली, "आपलं पुण्याचं घाण पाणी मुळा-मुठेतून जातं कुठे?"

"भीमेला. तिथून उजनीत."

"आणि सोलापूरला मावशीकडे उजनीचंच येतं ना?"

"हो."

"मग ती बिचारी तेच तर पिते. तुम्ही निदान गाळून तरी घेता," असं म्हणून तिने उठून रात्रीच्या वरणासाठी तूर भिजत घातली.