सीतापुऱ्याची आग आणि कारखान्याची विमा पॉलिसी

विम्याचा इतिहास शिकताना आपण बहुधा कायद्यांची वर्षे पाठ करतो: 1938 चा विमा कायदा, 1972 चे राष्ट्रीयीकरण, 1999 चा नियामक कायदा. या पाठात आपण एका आगीकडे पाहणार आहोत. अभियांत्रिकी कारखान्याला विमा नेमका कशापासून वाचवतो आणि कुठे अपुरा पडतो, हे तिच्यातून जास्त स्पष्ट दिसते.

जयपूरच्या दक्षिणेला सीतापुरा ही मोठी औद्योगिक वसाहत आहे. तिथे इंडियन ऑइलचे इंधन साठवणुकीचे आगार होते. 29 ऑक्टोबर 2009 च्या संध्याकाळी पेट्रोल दुसऱ्या कंपनीच्या आगाराकडे पाठवण्याची तयारी चालू असताना गळती झाली. ती तासाहून अधिक काळ थांबवता आली नाही. पेट्रोलच्या वाफेचा ढग आवारभर पसरला आणि साडेसातच्या सुमारास त्याचा स्फोट झाला. किमान 11 जणांचा जीव गेला आणि आग कित्येक दिवस धुमसत राहिली. शेजारी वीजमीटर बनवणाऱ्या जीनस कंपनीचा कारखाना होता, त्याचेही मोठे नुकसान झाले. त्या कारखान्याची स्वतःची काहीच चूक नव्हती. धोका कुंपणापलीकडून आला.

आता तुम्ही त्या कारखान्याच्या मालकाच्या जागी आहात असे समजा. पहिला प्रश्न: हे नुकसान आगीचे की स्फोटाचे? आज तो किरकोळ वाटतो. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे दारूगोळा आणि कापूस भरलेले जहाज फुटले, तेव्हा गोदामांच्या मालकांपुढे हाच प्रश्न उभा होता. सरकारला त्याच वर्षी नुकसानभरपाईसाठी खास वटहुकूम काढावा लागला. 2009 पर्यंत भारतातील प्रमाणित अग्निविमा पॉलिसीत आग, वीज कोसळणे, दंगल, पूर यांच्या जोडीला स्फोटाचेही नाव आलेले होते.

पण नाव असणे वेगळे आणि पुरेशी रक्कम मिळणे वेगळे. समजा यंत्रसामग्री 10 कोटींची आहे आणि हप्ता वाचवण्यासाठी विमा 6 कोटींचाच काढला आहे. 2 कोटींचे नुकसान झाले, तर सरासरीच्या कलमानुसार हाती 1 कोटी 20 लाखच येतात. शिवाय कारखाना बंद राहिल्याने बुडालेला नफा साध्या अग्निविम्यात येत नाही, त्यासाठी नफाहानीची वेगळी पॉलिसी लागते. ती घेणारे लहान कारखानदार कमीच, असे माझे मत.

मग शेजाऱ्याकडूनच भरपाई का मागू नये? मागता येते. भोपाळनंतर आलेल्या 1991 च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने धोकादायक पदार्थ हाताळणाऱ्या मालकावर, दोष सिद्ध न करताही, तातडीची मदत देण्याची सक्ती केली. मात्र मूळ अनुसूचीतले आकडे पाहा: मृत्यूसाठी 25,000 रुपये, खाजगी मालमत्तेच्या हानीसाठी जास्तीत जास्त 6,000 रुपये! कारखान्याच्या दृष्टीने ही रक्कम फुटक्या काचांनाही पुरणार नाही. त्याहून अधिक हवे असेल तर कोर्टाची वाट मोकळी आहे, पण ती लांब आहे. म्हणून मालक आधी स्वतःच्या विमा कंपनीकडे जातो. कंपनी पैसे देते आणि सब्रोगेशनचे पत्र लिहून घेते. म्हणजे दोषी पक्षाकडून वसुली करण्याचा मालकाचा हक्क, दिलेल्या रकमेपुरता, कंपनीकडे जातो.

जीनसच्या बाबतीत वाद पेटला तो इथे. न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सकडून आलेली रक्कम कंपनीने ‘पूर्ण व अंतिम’ म्हणून स्वीकारली, सही केली आणि सुमारे तीन आठवड्यांनी ती सही दबावाखाली झाल्याचे सांगून लवाद मागितला. दिल्ली उच्च न्यायालयाने तो दिला. डिसेंबर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला: दबाव होता असे नुसते म्हणणे पुरेसे नाही, त्याला प्रथमदर्शनी आधार हवा. निकाल तर्काला धरून होता, पण बंद कारखान्याच्या मालकाला पैशांची किती निकड असते, हेही लक्षात घ्या. सही नाकारली तर धनादेश लांबतो आणि कामगारांचे पगार अडतात.

सप्टेंबर 2015 मध्ये विमा नियामकाने परिपत्रक काढून सांगितले की, भरपाईच्या पावतीवर सही केली म्हणून जादा रक्कम मागण्याचा विमाधारकाचा हक्क संपत नाही. त्याच वर्षी लवाद कायद्यात दुरुस्ती झाली. पुढे जुलै 2024 मध्ये क्रिश स्पिनिंग या कापड उद्योगातील कंपनीच्या, पुन्हा आगीच्याच, दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, ‘पूर्ण व अंतिम’ तडजोड खरोखर झाली होती का, हे लवाद नेमतानाच कोर्टाने तपासू नये. तो प्रश्न आता लवादापुढे जातो.