सुलतानाचं जागरण

छत्रपती संभाजीनगरहून बस नगर नाका, छावणी, मिटमिटा करत दौलताबादला पोचते. पंधरा किलोमीटर, काही लांब नाही. पायथ्याशी सीताफळवाल्या मागे लागतील. आत्ता घेऊ नका, आपल्याला सातशे वर्षं मागं जायचंय आणि तिकडं फळांना तोटा नाही.

मिटा डोळे. आधी पार्किंग गेलं, मग चहाच्या टपऱ्या. चांदमिनारही गेला, तो अजून बांधायचाय. उरलं फक्त ऊन.

राजधानी इथं हलवायचा हुकूम सुलतान मुहम्मद तुघलकानं दिलाय, आणि तुम्ही दिल्लीहून निघालेल्या तांड्यात उभे आहात. चाळीस दिवसांची वाट झाली. टाचांच्या भेगांत माती जाऊन बसलीये. उंटाचा उग्र दर्प, शेणीचा धूर, कोणाच्या तरी पोराचा कोरडा खोकला. तुमच्या शेजारची बाई डोक्यावरचं ओझं उतरवते. पाहता तर जात्याची वरची तळी! खालची जड म्हणून तिनं वाटेत टाकली. आता हिचं करायचं काय, ते तिलाही ठाऊक नाही. मागून कुजबुज येते: दिल्लीत एक आंधळा राहून गेला होता, त्याला ओढत आणायचा हुकूम झाला आणि इथवर त्याचा फक्त पाय पोचला. खरं-खोटं कोण जाणे. प्रवासी इब्न बतूतानंही ही गोष्ट लिहिलीये. पण तुमचा हात नकळत तुमच्या गुडघ्याकडं जातो.

भूक लागली असेल. गाणाऱ्यांचा बाजार गाठा, तरबाबाद म्हणतात त्याला. दुकानागणिक गालिचा आणि मधोमध सजवलेला झोपाळा, त्यावर बसून बाई गातेय. बाजूला द्राक्षं, डाळिंबं. तुम्ही ऐटीत तांब्याचं नाणं पुढं करता. दुकानदार ते बोटांत फिरवतो, तुमच्याकडं बघतो आणि दोन बोटांनी परत सरकवतो. ‘नक्को.’ तांब्याला चांदीचा मान द्या असा सुलतानाचा हुकूम आहे. त्यामुळं घरोघरी टाकसाळ निघालीये. (हा ‘नक्को’ ऐकून ठेवा. शहरातल्या शहागंजात आजही ऐकाल. दिल्लीवाल्यांच्या जिभेवर आपला ‘नको’ बसला तो असा.)

इथवर इतिहास होता. रात्र पडली, आता नाटकात शिरू. माथेरानला जन्मलेल्या गिरीश कार्नाडांनी ‘तुघलक’ कन्नडमध्ये लिहिलं ते १९६४ साली. विजय तेंडुलकरांनी ते मराठीत आणलं आणि १९७१मध्ये ‘आविष्कार’नं अरविंद देशपांड्यांच्या दिग्दर्शनात उभं केलं, सुलतान होते अरुण सरनाईक. आपण मात्र तिकीट काढून खुर्चीत बसणार नाही. तुम्ही आज किल्ल्यावरचे पहारेकरी आहात. भाला धरा. जड आहे, होईल सवय.

अंधारीतून, म्हणजे किल्ल्याच्या काळोख्या भुयारातून, वर या. हात भिंतीवर, पाय चाचपत. वटवाघळांचा कुबट वास थेट घशात उतरतो. कुठल्याशा कोठडीत उंदीर आहेत, म्हणे मांजरंही त्यांना बघून पळतात. वर आलात की एकदम वारा. खाली चहूकडं तासलेला उभा कडा, त्याखाली खंदक. तांडा मेल्यासारखा झोपलाय. जात्याची तळी उशाला घेऊन ती बाईसुद्धा.

आणि पावलं वाजतात. सुलतान. पुन्हा.

हा माणूस आधीही झोपायचा नाही. पण तेव्हाचं जागणं वेगळं होतं. दिवसाच्या कटकटी संपल्या की रात्री तारे बघत बसायचा, कविता आठवायचा, गुलाबांच्या बागेचे बेत करायचा. झोप म्हणजे त्याला वेळेची नासाडी. सावत्र आई काळजी करायची. मग बाप, भाऊ, नमाजाच्या वेळचा रक्तपात असं एकेक साचत गेलं. शेवटी त्याच आईला दगडांनी मारायचा हुकूमही हाच देणार आहे. डोळे अजून उघडेच आहेत, फक्त त्यांत आता बाग नाही. ‘राजमुकुट’ हा ‘मॅकबेथ’चा मराठी अवतार पाहिलेल्यांना ही निद्रानाशाची जात ओळखीची वाटेल. पण मॅकबेथ मुळात लोभी. हा भला होता, म्हणून जास्त भीती वाटते.

तो तुमच्यासमोर थांबतो. वय विचारतो. तुम्ही सांगता. तो हसतो, आणि त्या हसण्यात एवढं काय आहे की तुमच्या मानेवरचे केस उभे राहावेत? धुपाचा, घामाचा, न धुतलेल्या जागरणाचा वास.

उजाडल्यावर गाड्या येतात. खोट्या नाण्यांच्या. गुलाबांसाठी राखलेल्या जागेत ढीग ओतले जातात, तांब्याचा खणखणाट कड्यावर आपटून परततो. सुलतान स्वतः उभा राहून बघतो.

मग एका दिवशी, बसल्या जागी त्याची मान कलते. पहिल्यांदा. तोंड थोडं उघडं, श्वास लहान मुलासारखा. नोकर शाल घेऊन येतोय, पावलं न वाजवता. तुमचा भाला दगडाला लागेल म्हणून तुम्ही दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलाय.

तेवढ्यात खालून अजान सुरू होते.