आत कोणी आहे का? परळचा वॉर्ड क्रमांक ४ आणि जाणिवेचा शोध

१/ लालबागहून परळकडे निघाले की थोड्याच अंतरावर के. ई. एम. रुग्णालय लागते. गिरणगावातील कामगारांच्या कित्येक पिढ्यांचे हे रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. तेथील वॉर्ड क्रमांक ४ लगतच्या एका खोलीत एक स्त्री जवळजवळ ४२ वर्षे अंथरुणाला खिळून होती. तिला काही जाणवत होते का, हा प्रश्न अखेर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. असा प्रश्न मुक्या रुग्णालाच विचारण्याची रीत विज्ञानाने कशी शोधली, त्याचा हा इतिहास.

२/ अरुणा शानबाग मूळच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरच्या. के. ई. एम.मध्ये त्या परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी, वयाच्या २५ व्या वर्षी, रुग्णालयातच एका सफाई कर्मचाऱ्याने त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळल्यामुळे मेंदूला होणारा प्राणवायूचा पुरवठा तुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सापडल्या. जीव वाचला, वाचा, दृष्टी आणि हालचालींवरील ताबा मात्र परतला नाही. आरोपीला खुनाचा प्रयत्न व जबरी चोरी यांबद्दल ७ वर्षांची शिक्षा झाली. लैंगिक अत्याचाराचा खटला चाललाच नाही.

३/ या घटनेनंतर मुंबईतील परिचारिकांनी संप केला. पुढे १९८० च्या दशकात महापालिकेने अरुणा यांना के. ई. एम.बाहेर हलवण्याचा प्रयत्न केला, तेव्हाही परिचारिका आडव्या आल्या आणि तो बेत सोडून द्यावा लागला. भरवणे, आंघोळ घालणे, कूस बदलणे हे काम एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे गेले. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही बेडसोर झाला नाही, याची नोंद पुढे न्यायालयानेही घेतली.

४/ अशा अवस्थेला तेव्हा वैद्यकशास्त्रात जे नाव होते, ते दोन वर्षांचेही जुने नव्हते. एप्रिल १९७२ मध्ये ग्लासगोचे मेंदूशल्यविशारद ब्रायन जेनेट आणि न्यूयॉर्कचे मेंदूविकारतज्ज्ञ फ्रेड प्लम यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ‘पर्सिस्टंट व्हेजिटेटिव्ह स्टेट’ ही संज्ञा मांडली. कोमातील रुग्णाचे डोळे मिटलेले असतात. या अवस्थेत डोळे उघडतात, झोप-जागेचे चक्र चालते, श्वास आपोआप सुरू राहतो; मात्र स्वतःची वा भोवतालाची जाणीव असल्याचे चिन्ह दिसत नाही.

५/ ‘चिन्ह दिसत नाही’ या दोन-तीन शब्दांतच पुढच्या साऱ्या वादाचे मूळ आहे. जाणीव थेट मोजता येत नाही. ‘हात उचला’ म्हटल्यावर हात उचलला गेला, तर आत कोणी ऐकते आहे असे आपण मानतो. पण रुग्णाला ऐकू येते, कळते आणि हात मात्र हलवता येत नाही, अशी स्थिती असेल तर? खाटेजवळच्या तपासणीत त्याचा निकाल ‘जाणीव नाही’ असाच लागणार.

६/ हा धोका किती मोठा आहे, ते १९९६ साली कळले. लंडनमधील कीथ अँड्र्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘व्हेजिटेटिव्ह’ म्हणून पाठवलेले ४० रुग्ण दीर्घकाळ तपासले. त्यांपैकी १७ जणांचे, म्हणजे ४३ टक्क्यांचे, निदान चुकीचे निघाले. या १७ मधील बहुतेक जण अंध किंवा अत्यंत क्षीण दृष्टीचे होते. ‘नजर वस्तूचा पाठलाग करते का’ ही नेहमीची चाचणी त्यांच्याबाबतीत निरुपयोगी होती.

७/ याच सुमारास एड्रियन ओवेन हे तरुण ब्रिटिश न्यूरोसायकॉलॉजिस्ट केंब्रिजमध्ये काम करत होते. मेंदूच्या कोणत्या भागाला इजा झाली की विचार, स्मृती वा वर्तनातले काय बिघडते, याचा अभ्यास म्हणजे न्यूरोसायकॉलॉजी. ओवेन यांचे सुरुवातीचे संशोधन मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या रुग्णांवर होते. १९९७ मध्ये त्यांच्या गटाने आजारपणानंतर प्रतिसादहीन झालेल्या एका तरुणीला, तिचा पेट स्कॅन चालू असताना, आप्तांची छायाचित्रे दाखवली. चेहरे ओळखणारा मेंदूचा भाग उजळला. पुढे ती बरीच सुधारली.

८/ तरीही शंका उरली. ओळखीचा चेहरा दिसला की मेंदू आपोआपही चाळवू शकतो. त्यासाठी जाणीव लागतेच असे नाही. म्हणून ओवेन यांना अशी आज्ञा हवी होती, जी रुग्णाने मनोमन ठरवल्याखेरीज पाळलीच जाणार नाही, आणि जिला स्नायूंची गरजही पडणार नाही.

९/ ती सापडली टेनिसमध्ये. २००५ साली रस्ते अपघातात मेंदूला जबर मार बसलेली २३ वर्षांची एक तरुणी पाच महिन्यांनंतरही प्रतिसाद देत नव्हती. एफएमआरआय यंत्रात तिला सांगण्यात आले: टेनिस खेळत आहात अशी कल्पना करा. नंतर सांगितले: आपल्या घरातील खोल्यांतून फिरत आहात अशी कल्पना करा. दोन्ही वेळा मेंदूचे वेगवेगळे भाग कार्यरत झाले, नेमके निरोगी माणसांत होतात तसे. सप्टेंबर २००६ मध्ये हा निष्कर्ष ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला.

१०/ आक्षेप लगेच आले. ‘टेनिस’ हा शब्द ऐकूनच मेंदू चाळवला नसेल कशावरून? उत्तर वेळेत होते. निव्वळ शब्दाने उठलेली हालचाल क्षणात विरते. येथे ती सुमारे ३० सेकंद, ‘आता थांबा’ असे सांगेपर्यंत, टिकून राहत होती.

११/ २०१० मध्ये ओवेन आणि बेल्जियममधील त्यांचे सहकारी यांनी ५४ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांपैकी ५ जण अशी आज्ञा पाळू शकले. एकाने तर ‘हो’साठी एक कल्पना व ‘नाही’साठी दुसरी वापरून वडिलांच्या नावासारख्या साध्या प्रश्नांची बरोबर उत्तरे दिली. मात्र एक गोष्ट नजरेआड करू नये. हे पाचही जण डोक्याला मार लागलेले होते. प्राणवायू तुटल्याने मेंदूला इजा झालेल्यांपैकी त्यात कोणीही नव्हते. आघातात मेंदूचे काही भाग शाबूत राहू शकतात. प्राणवायूच्या अभावाने होणारी हानी सहसा सर्वदूर पसरते. म्हणून सुधारण्याची आशाही दोहोंत सारखी नसते.

१२/ दरम्यान अरुणा यांचे प्रकरण दिल्लीत पोहोचले होते. २००९ मध्ये लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांचे अन्न थांबवण्याची परवानगी मागणारी याचिका केली. जानेवारी २०११ मध्ये न्यायालयाने जे. व्ही. दिवेटिया, रूप गुरसहानी आणि नीलेश शहा या तीन डॉक्टरांची समिती नेमली. रुग्णालयाचे कर्मचारी सांगत होते की मासे भरवले की अरुणा यांचा चेहरा खुलतो, खोलीत गर्दी झाली की त्या अस्वस्थ होतात. समितीने त्यांना प्रत्यक्ष तपासून कळवले: मेंदू मृत नाही, पण कायमच्या व्हेजिटेटिव्ह अवस्थेचे बहुतेक निकष पूर्ण होतात.

१३/ ७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू व न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी याचिका फेटाळली. अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांची शुश्रूषा करणाऱ्या के. ई. एम.च्या कर्मचाऱ्यांना आहे, असे न्यायालय म्हणाले. त्याच निकालाने कडक अटींसह निष्क्रिय दयामरणाला भारतात प्रथमच वाट करून दिली. ९ मार्च २०१८ च्या घटनापीठाच्या निकालाने पुढे इच्छापत्राद्वारे उपचार नाकारण्याचा हक्कही मान्य केला.

१४/ माशांच्या घासाने खुललेला चेहरा जाणिवेचा होता की निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया? विज्ञानाची शिस्त येथे दोन्ही पक्षांना आवरते. प्रतिसाद न दिसणे हा जाणीव नसल्याचा पुरावा नव्हे, हे अँड्र्यूज व ओवेन यांनी दाखवले. आणि हसू दिसणे हाही जाणिवेचा पुरावा नव्हे, कारण त्या अवस्थेत हसणे, रडणे, आवाज काढणे आपोआपही घडते. त्या खोलीत नेमके काय होते, याचे उत्तर अरुणा यांच्यासोबतच गेले. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

१५/ संशोधन मात्र थांबले नाही. २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अनेक देशांतील केंद्रांचा अभ्यास आला; ओवेन त्याच्या लेखकांपैकी एक आहेत. खाटेजवळ कोणतीही आज्ञा न पाळणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांचे मेंदू यंत्रात वा ईईजीवर आज्ञा पाळताना आढळले. म्हणजे दर चौघांत एक. कोणत्याही अतिदक्षता विभागात ‘आता काही उरले नाही’ असे म्हणण्यापूर्वी आठवावा असा हा आकडा आहे. तोवर अशा रुग्णाशी नावाने बोलत राहणे, त्याला काय करतो आहोत ते सांगत राहणे, एवढे कोणत्याही यंत्राविना करता येते. परळच्या परिचारिका ते १९७३ पासून करत होत्या.