रुपर्ट स्टेडियमचे भाडेकरू

१९३६ ते १९४८ या काळात अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील न्यूअर्क शहरात बेसबॉलचे दोन संघ एकाच मैदानावर खेळत होते. पहिला संघ ‘न्यूअर्क बेअर्स’; तो न्यूयॉर्क यांकीज या बलाढ्य संघाच्या मालकीचा. दुसरा ‘न्यूअर्क ईगल्स’. तो कृष्णवर्णीय खेळाडूंचा आणि त्या मैदानावर भाडेकरू. बेअर्स दौऱ्यावर गेले की ईगल्सना मैदान मिळे. हे दोन संघ एका लीगमध्ये असणे त्या काळच्या अलिखित वर्णनियमाला मान्य नव्हते. ईगल्स १९४८ च्या हंगामानंतर शहर सोडून गेले, बेअर्स १९४९ नंतर. ज्या रुपर्ट स्टेडियमवर दोघे नांदले ते १९६७ मध्ये पाडण्यात आले. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना न्यूअर्क आज ठाऊक असते ते प्रामुख्याने विमानतळामुळे.

या दोन संघांच्या अंताची कथा बहुधा एकाच वाक्यात उरकली जाते : काळ बदलला आणि छोटे संघ बुडाले. हे वाक्य खोटे नाही, पण ते फार सोयीचे आहे. शेजारी शेजारी घडलेले दोन मृत्यू एकाच कारणाने घडतात असे नाही. इतिहासलेखनात ‘काळ’ हा कर्ता झाला की खरे कर्ते नजरेआड होतात, एवढे दाखवण्यासाठी आम्ही हे उदाहरण घेतले आहे.

प्रथम ‘मायनर लीग’ या संज्ञेविषयी. अमेरिकेत शिखरावरच्या मोजक्या संघांची ‘मेजर लीग’ आणि तिच्याखाली शेकडो गावांतील व्यावसायिक संघांची उतरंड, अशी रचना विसाव्या शतकाच्या प्रारंभीच रूढ झाली होती. मायनर लीगचे संघ आरंभी स्वतंत्र असत. ते खेळाडू घडवीत आणि वरच्या संघांना विकून गुजराण करीत. १९२० च्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्सच्या ब्रँच रिकी यांनी यात मूलभूत बदल केला. खेळाडू विकत घेण्यापेक्षा ते घडवणारे संघच ताब्यात घ्यावेत, ही त्यांची कल्पना. तिला ‘फार्म सिस्टिम’ असे नाव पडले. नाव शेतीवरून आले असले तरी व्यवहार खंडाच्या जमिनीचा होता. कसणारा एका गावचा, पीक दुसऱ्याच्या कोठारात. गावाला संघ लाभला, पण तो आपला राहिला नाही. चांगला खेळू लागलेला खेळाडू हंगामाच्या मध्यातही वर बोलावला जाई आणि स्थानिक प्रेक्षकाने त्याचा अभिमान बाळगावा अशी अपेक्षा असे.

न्यूअर्कचे मैदान १९२६ मध्ये शहराच्या आयर्नबाऊंड या कामगारवस्तीच्या भागात उभे राहिले. १९३१ मध्ये यांकीजचे मालक जेकब रुपर्ट यांनी बेअर्स विकत घेतले. रुपर्ट हे बिअरचे कारखानदार. त्यांचेच नाव मैदानाला मिळाले. यांकीजच्या फार्म सिस्टिमची सूत्रे जॉर्ज वाइस यांच्या हाती आली आणि न्यूअर्क हा तिचा मुकुटमणी ठरला. १९३७ चा बेअर्सचा संघ मायनर लीगच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ संघांत गणला जातो. त्या वर्षी त्यांनी १०९ सामने जिंकले, ४३ गमावले, आणि इंटरनॅशनल लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या संघाला २५.५ सामन्यांच्या अंतराने मागे टाकले. ज्युनिअर वर्ल्ड सिरीजमध्ये कोलंबसच्या संघाविरुद्ध घरच्या मैदानावरचे पहिले तीन सामने ते हरले; नंतर कोलंबसला जाऊन ओळीने चार जिंकले. चार्ली केलर, ज्यो गॉर्डन असे त्या संघातले मोहरे लवकरच यांकीजमध्ये दिसू लागले. त्या विक्रमी संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. यांकीजमध्ये तर पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, एल्स्टन हॉवर्ड, १९५५ पर्यंत आला नाही.

त्याच मैदानावर बेअर्स नसलेल्या दिवशी कोण खेळत होते हे पाहिले म्हणजे ‘सर्वश्रेष्ठ’ या विशेषणाची मर्यादा ध्यानी येते. एब आणि एफा मॅन्ली या दांपत्याने ब्रुकलिन ईगल्स आणि न्यूअर्क डॉजर्स हे दोन संघ एकत्र करून १९३६ मध्ये न्यूअर्क ईगल्स उभा केला. तो निग्रो नॅशनल लीगमध्ये खेळे. रे डँड्रिज, विली वेल्स, म्यूल सटल्स, लिऑन डे, माँटी अर्विन, लॅरी डोबी, डॉन न्यूकम ही नावे या संघाच्या पटावर वेगवेगळ्या वर्षी आली. न्यूकम सोडता हे सारे पुढे बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये समाविष्ट झाले, बहुतेकांच्या बाबतीत मात्र हा सन्मान निवृत्तीनंतर कित्येक दशकांनी आला.

संघाचे दैनंदिन व्यवहार एफा मॅन्ली पाहत. करार, प्रवास, वेळापत्रक, जाहिरात, खेळाडूंचे पगार आणि त्यांच्या तक्रारी हे सर्व त्यांच्या टेबलावर येई. पुरुषांच्या या व्यवसायात त्या ठामपणे उभ्या राहिल्या. नागरी हक्कांच्या चळवळीशी त्यांचे नाते दिखाऊ नव्हते. १९३९ मध्ये त्यांनी रुपर्ट स्टेडियमवर झुंडबळींच्या निषेधाचा दिवस पाळला. शहरातील कृष्णवर्णीय समाजासाठी ईगल्सचा रविवारचा सामना हा एक सामाजिक सोहळा असे. लोक चांगले कपडे घालून येत, ओळखीपाळखी होत, समाजाच्या संस्थांसाठी निधी जमे. मैदान भाड्याचे होते. तिथे जमणारा समाज मात्र स्वतःचा होता.

१९४६ हे वर्ष ईगल्सच्या वैभवाचे. ५ मे रोजी, हंगामाच्या पहिल्याच दिवशी, युद्धातून परतलेल्या लिऑन डे यांनी फिलाडेल्फिया स्टार्सला एकही हिट मिळू दिली नाही. बिझ मॅकी यांच्या व्यवस्थापनाखाली संघाने निग्रो वर्ल्ड सिरीजमध्ये कॅन्सस सिटी मोनार्क्सवर ४-३ अशी मात केली. त्या वर्षी घरच्या सामन्यांना सुमारे १ लाख २० हजार प्रेक्षक आले.

त्याच वसंतात, १८ एप्रिल १९४६ रोजी, न्यूअर्कपासून काही मैलांवरच्या जर्सी सिटीत रूझवेल्ट स्टेडियमवर जॅकी रॉबिन्सन माँट्रिअल रॉयल्सकडून आपला पहिला सामना खेळले. चार हिट, त्यांपैकी एक होमरन, आणि संघाचा १४-१ असा विजय. वर्णभिंतीला पहिले भगदाड पडले ते मेजर लीगमध्ये नव्हे. ते पडले मायनर लीगच्या एका मैदानावर, बेअर्स ज्या इंटरनॅशनल लीगमध्ये खेळत तिच्यातच. तेही मैदान १९८५ मध्ये पाडले गेले आणि तिथे निवासी वसाहत झाली. १५ एप्रिल १९४७ ला रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मेजर लीगमध्ये उतरले. ५ जुलै रोजी ईगल्सचे लॅरी डोबी क्लीव्हलँडकडून. डोबी हे अमेरिकन लीगमधील पहिले कृष्णवर्णीय खेळाडू.

आता आकडे पाहावेत. ईगल्सच्या घरच्या प्रेक्षकांची संख्या १९४७ मध्ये सुमारे ५७ हजारांवर आली, १९४८ मध्ये सुमारे ३५ हजारांवर. लोक रॉबिन्सनना पाहायला ब्रुकलिनला जाऊ लागले होते. ते स्वाभाविकच होते. त्यांना दोष देता येणार नाही. दोष असेल तर तो देवघेवीच्या पद्धतीत शोधावा लागतो. फार्म सिस्टिमचे जनक ब्रँच रिकी हेच रॉबिन्सनना करारबद्ध करणारे. मोनार्क्सकडून रॉबिन्सन आणि ईगल्सकडून न्यूकम घेताना त्यांनी त्या संघांना काहीही मोबदला दिला नाही. एफा मॅन्ली यांनी याविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला. डोबींच्या वेळी क्लीव्हलँडचे बिल व्हेक यांनी १५ हजार डॉलर दिले. त्या योग्यतेच्या गोऱ्या खेळाडूसाठी यापेक्षा कितीतरी अधिक रक्कम मोजली गेली असती, हे मॅन्लींना पक्के ठाऊक होते. तरीही ‘फुकट नव्हे’ हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. मॅन्लींवर तेव्हा प्रगतीच्या आड येत असल्याची टीका झाली. आज मागे वळून पाहता आम्हांला वाटते की त्या एकीकरणाला विरोध करीत नव्हत्या. एकीकरण दोन संस्थांमध्ये व्हावे, एका संस्थेने दुसरीतून माणसे उचलून नेण्यापुरते ते राहू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मेजर लीगने खेळाडू घेतले. निग्रो लीगचा एकही संघ, मालक म्हणून एकही मॅन्ली आपल्यात सामावून घेतली नाही. १९४८ नंतर ईगल्सची विक्री झाली आणि संघ ह्यूस्टनला गेला.

बेअर्सचा अंत निराळा. युद्धोत्तर काळात न्यूयॉर्कच्या तिन्ही मेजर लीग संघांचे सामने दूरचित्रवाणीवर दिसू लागले, आणि न्यूअर्क तर त्या प्रक्षेपणाच्या अगदी सावलीत. घरी बसून यांकीज पाहता येत असतील तर यांकीजच्या उमेदवारांना पाहायला तिकीट कोण काढणार? १९४९ च्या हंगामानंतर यांकीजनी संघ शिकागो कब्जला विकला आणि तो मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफिल्डला हलला. न्यूअर्क या लाटेत एकटे नव्हते. १९४९ मध्ये देशात ५९ मायनर लीग होत्या आणि प्रेक्षकसंख्या सुमारे चार कोटींच्या घरात होती; १९६० च्या दशकाच्या आरंभी ती सुमारे एक कोटीवर घसरली.

म्हणजे बेअर्स बुडाले ते मालकाच्याच दुसऱ्या दुकानाशी स्पर्धा करावी लागल्यामुळे. ईगल्स बुडाले ते त्यांचे भांडवल मोबदल्याविना उचलले गेल्यामुळे. पहिल्या घटनेत एका मालकाने आपलाच हिशेब मिटवला. दुसरीत न्याय्य गोष्ट अन्याय्य रीतीने घडली. रॉबिन्सन आणि डोबी यांचा विजय कुणालाही कमी लेखता येणार नाही, लेखूही नये. परंतु त्या विजयाचा खर्च कुणाच्या खाती पडला हे विचारले की विजय लहान होत नाही, तो अधिक स्पष्ट दिसतो. साहित्याच्या अभ्यासकांना हा प्रश्न परका वाटू नये. छोट्या नियतकालिकाने घडवलेला लेखक मोठ्या प्रकाशनगृहाकडे जातो, तेव्हा इतिहासात लेखक उरतो. नियतकालिक तळटीपेत जाते.

याच विस्मृतीवर न्यूअर्कच्याच एका लेखकाने कादंबरी रचली आहे. फिलिप रॉथ यांचा जन्म १९३३ चा, म्हणजे बेअर्सच्या वैभवकाळात ते या शहरात वाढत होते. १९७३ च्या त्यांच्या ‘द ग्रेट अमेरिकन नॉव्हेल’ मध्ये ‘रुपर्ट मंडीज’ नावाचा एक संघ आहे. पोर्ट रुपर्ट हे त्याचे काल्पनिक गाव न्यू जर्सीतच. युद्धकाळात संघमालक मैदान सरकारला भाड्याने देतात आणि संघाला सारे सामने परगावी खेळत हिंडावे लागते. पुढे ज्या लीगमध्ये तो खेळतो ती संपूर्ण लीगच राष्ट्राच्या स्मृतीतून पुसली जाते. एक वृद्ध क्रीडापत्रकार तेवढा ती होती असे सांगत राहतो. ही कादंबरी प्रहसनाच्या अंगाने जाते. तिच्यातला बेघर संघ ज्या शहराच्या लेखकाला सुचला, त्या शहरात दुसऱ्याच्या मैदानावर खेळणारा एक संघ खरोखर होऊन गेला होता, हे मात्र विसरता येत नाही.

न्यूअर्कने पुन्हा एकदा प्रयत्न केला. मूळचे याच शहराचे आणि यांकीजचे माजी कॅचर रिक सेरोन यांनी १९९८ मध्ये बेअर्सचे पुनरुज्जीवन केले. हा संघ स्वतंत्र होता, कुणाचे ‘शेत’ नव्हता. १९९९ मध्ये त्याच्यासाठी सुमारे ६ हजार आसनांचे नवे मैदान उघडले. त्याचे अधिकृत नाव ‘बेअर्स अँड ईगल्स रिव्हरफ्रंट स्टेडियम’. जे दोन संघ हयातीत कधी एका पंक्तीला बसले नाहीत, त्यांना शहराने पन्नास वर्षांनी एका पाटीवर आणले. संघाने २००२ आणि २००७ मध्ये अटलांटिक लीगचे विजेतेपद मिळवले; थोर खेळाडू रिकी हेंडरसन कारकिर्दीच्या उतरणीवर येथे खेळून गेले. पण प्रेक्षक टिकले नाहीत. २०१३ च्या हंगामानंतर संघ बंद पडला, पुढच्या वर्षी त्याच्या सामानाचा लिलाव झाला, २०१६ मध्ये मैदान एका विकासक कंपनीला विकले गेले आणि २०१९ मध्ये तेही पाडले गेले. जुने मैदान चाळीस वर्षे टिकले होते, नवे वीस.

उरते काय? डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ मधील निग्रो लीगना ‘मेजर’ दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदींत समाविष्ट केली. ज्या संघाला मायनर लीगमध्येही प्रवेश नव्हता तो आता ‘मेजर’ ठरला, आणि ज्यांच्या घरी तो भाडेकरू होता ते बेअर्स मात्र कायमचे ‘मायनर’. काव्यगत न्याय म्हणावा असेच हे आहे. पण हा न्याय नोंदवहीतला आहे. याच काळात, २०२१ मध्ये, मेजर लीगने आपल्याशी संलग्न मायनर संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली. त्या चाळीस गावांना निर्णय कळवण्यात आला, विचारण्यात आला नाही.

एफा मॅन्ली १९८१ मध्ये वारल्या आणि २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये दाखल झालेल्या पहिल्या आणि आजवरच्या एकमेव महिला ठरल्या. ईगल्सची कागदपत्रे, म्हणजे पत्रव्यवहार आणि हिशेब, न्यूअर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात जतन केलेली आहेत. दोन्ही मैदाने गेली, कागद राहिले. आमच्या मते या इतिहासाचे वाचन तिथूनच सुरू व्हावे. कोणी किती धावा काढल्या हे आता नोंदले गेले आहे. कोणी कोणाचे किती देणे लागत होते, हे त्या हिशेबाच्या वह्यांत अजून वाचता येते.