हैतीचा भोपळा: १ जानेवारीच्या सुपाची गोष्ट

आज आपल्याला एका सुपाबद्दल बोलायचं आहे. लाल भोपळ्याचं सूप. विषय जरा मिळमिळीत वाटेल, कारण लाल भोपळा म्हटलं की आपल्याला घारगे आठवतात, भरीत आठवतं, आणि लेकीकडे निघालेली म्हातारी. पण कॅरिबियन समुद्रातल्या हैती या देशात हे सूप राष्ट्रीय पदार्थ आहे आणि ते एका तारखेशी बांधलेलं आहे. १ जानेवारी हा तिथला नववर्षाचा दिवस तर आहेच, शिवाय स्वातंत्र्यदिनही आहे. सुपाचं नाव 'सूप झुमू'. झुमू म्हणजे भोपळाच.

हा भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. आपल्या मंडईतला लाल भोपळाही तिथूनच आलेला. कॅरिबियन बेटांवरचे मूळ रहिवासी ताइनो तो पिकवत असत. १४९२ मध्ये कोलंबस आला, आणि पुढच्या काही दशकांत सक्तीची मजुरी आणि रोगराई यांनी ताइनो समाज जवळजवळ संपला. भोपळा तेवढा राहिला. बेटाचा पश्चिम भाग पुढे फ्रेंचांकडे गेला, तिथे उसाचे मळे उभे राहिले, आणि मळ्यांवर राबायला आफ्रिकेतून माणसं धरून आणली गेली. १७८९ च्या सुमारास सॅं-दोमिंग नावाच्या या वसाहतीत जवळपास पाच लाख गुलाम होते. गोरे फार तर तीस-चाळीस हजार.

या पाच लाखांनी काय खायचं, तेही कायद्यात लिहिलेलं होतं! १६८५ चा 'कोड न्वार', म्हणजे काळा कायदा, त्याचं बाविसावं कलम पाहा. मोठ्या माणसाला आठवड्याला कसाव्याचं ठरावीक पीठ किंवा त्याच्या तीन भाकऱ्या, आणि सोबत दोन पौंड खारवलेलं गोमांस किंवा तीन पौंड मासे. दिवसभर ऊस तोडणाऱ्या, रात्री घाण्यावर उभं राहणाऱ्या माणसाला एवढंच. पुष्कळ मालक तेही देत नसत. जमिनीचा तुकडा दाखवायचा आणि म्हणायचं, पिकवा आणि खा.

आता सुपाकडे येऊ. हैतीतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत की हे सूप फक्त मालकाच्या टेबलावर जायचं. भोपळा चिरणारे, चूल फुंकणारे, वाढणारे हात गुलामांचे. चाखायची मात्र मुभा नाही. १७९१ च्या ऑगस्टमध्ये उत्तरेकडच्या मळ्यांवर उठाव झाला, बारा वर्षं युद्ध चाललं, नेपोलियनची फौजही शेवटी व्हेर्तिएरच्या लढाईत हरली, आणि १ जानेवारी १८०४ रोजी गोनाईव्ह गावात देसालीन यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. नव्या देशाला नाव दिलं तेही ताइनोंच्या भाषेतलं: हैती, डोंगराळ भूमी. आणि त्या दिवशी लोकांनी तेच सूप प्यायलं. देसालीन यांच्या पत्नी मारी-क्लेर यांनी ते सर्वांना वाटलं, असं परंपरा सांगते.

इथे कुणी विचारेल, याला कागद काय? कागद लिहिणारे कोण होते, ते आधी बघावं लागेल. मळ्यांच्या हिशेबवह्यांत साखर मोजलेली आहे, माणसंही मालमत्ता म्हणून मोजलेली आहेत. ज्यांना लिहू दिलं नाही, त्यांनी आठवण पातेल्यात ठेवली. ती इतिहासाच्या बाहेरची आहे, असं म्हणायला आपण तयार नाही.

पातेलं मात्र एकाच जागी थांबलेलं नाही. आजच्या सुपात बटाटा, गाजर, कोबी असतो, चक्क मॅकरोनीही असते. मांस लिंबानं चोळून धुतात, मग 'एपिस' लावून मुरवतात. एपिस म्हणजे लसूण, पातीचा कांदा, पार्सली, थाईम यांचं हिरवं वाटण. आपल्या स्वयंपाकघरात ते परकं वाटणार नाही. एक तिखटजाळ मिरची अख्खीच सोडतात, आणि ती फुटू नये म्हणून डाव जपून फिरवतात. तयारी ३१ डिसेंबरच्या रात्रीपासून, खाणं सकाळपासून दिवसभर. शेजारी डबे जातात, शेजारचे येतात. मायामी, ब्रुकलिन, मॉन्ट्रियल इथल्या हैतीयन घरांतही हेच चालतं.

पण स्वातंत्र्याची किंमत सुपानं फिटली नाही. १८२५ मध्ये फ्रान्सच्या दहाव्या चार्ल्सनं युद्धनौका पाठवून मान्यतेच्या बदल्यात १५ कोटी फ्रँक मागितले, मालकांचं नुकसान झालं म्हणून! भरपाई कुणी कुणाला द्यायची, बघा. १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आली, तरी ती फेडायला कर्जं काढावी लागली, आणि त्या कर्जांचं शेपूट १९४७ पर्यंत लांबलं. घरातही सगळं आलबेल नव्हतं. नव्या राज्यकर्त्यांना निर्यातीसाठी मळे हवेच होते, म्हणून १८२६ च्या ग्रामीण कायद्यानं शेतमजुराला पुन्हा मळ्याला जखडलं. सूप सर्वांचं झालं होतं, जमीन झाली नव्हती.

२०२१ साली जुलैमध्ये हैतीच्या राष्ट्राध्यक्षांची हत्या झाली, ऑगस्टमध्ये मोठा भूकंप झाला. त्याच वर्षी १६ डिसेंबरला युनेस्कोनं सूप झुमूला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्या यादीत हैतीची ही पहिलीच नोंद. त्यानंतर बरोबर पंधरा दिवसांनी, ३१ तारखेच्या रात्री, घरोघरी पुन्हा भोपळे चिरले गेले.