शोधसूची
हायपरटेक्स्टमध्ये दुव्यामागून दुवा न धुंडाळता, शब्द देऊन थेट मजकुरापर्यंत नेणारी यंत्रणा. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या वर्ल्ड वाइड वेबमध्ये सूची हेही एक पानच मानले गेले. पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह आणि अधिकचिन्हाने जोडलेले शब्द पाठवले, की सर्व्हर दुव्यांचे नवे पान त्याच क्षणी तयार करतो. शोधालाच पत्ता असल्याने त्याचाही दुवा देता येतो. हे या रचनेचे खरे सामर्थ्य.

मराठीत मात्र नुसती अक्षरे जुळवून भागत नाही. ‘जालना’ शोधल्यास ‘जालन्यातील’ निसटते, कारण सामान्यरूपात ‘ना’चा ‘न्या’ होतो. पोलाद उद्योगासाठी प्रसिद्ध जालना एमआयडीसीच्या सूचीत ‘सळई’ आणि ‘टीएमटी बार’, ‘एमआयडीसी’ आणि ‘औद्योगिक वसाहत’ अशा जोड्याही सूचीकारालाच बांधाव्या लागतात.